पाच नंबरची जुनी नळी

त्यांना सगळं इस्पितळ 'हवालदार' म्हणायचं. पोलिसात ते कधीच नव्हते; उलट खाकी कपड्यातलं कोणी समोर आलं की आपलंच काहीतरी चुकलंय असं त्यांना उगाच वाटायचं. पण एकतीस वर्षं त्यांनी रोग्यांना लागणारा ऑक्सिजन सांभाळला होता, आणि कुठल्याशा चावट नर्सनं कधीतरी म्हटलं होतं, "हवा देतात ते हवालदार." नाव चिकटलं ते चिकटलं. हजेरीची वही सोडली तर खरं नाव कुठे उरलंच नाही.

त्यांची खोली इस्पितळाच्या मागच्या अंगाला, स्वयंपाकघर आणि धुलाईखाना यांच्या मध्ये होती. आत भिंतीला साखळीनं बांधलेले पुरुषभर उंचीचे चोवीस सिलेंडर. बारा डावीकडे, बारा उजवीकडे. एका बाजूची रांग चालू असायची, दुसरी भरून तयार. मधल्या भिंतीवर मीटर. चालू रांगेचा काटा खाली आला की दुसरी रांग सुरू करायची, रिकामे सोडवायचे, भरलेले चढवायचे. भरलेला कुठला नि रिकामा कुठला हे ते पान्याची एक टिचकी मारून सांगत. रिकामा घंटेसारखा वाजतो. भरलेला नुसता 'ठप्प' म्हणतो. तिथून बोटाएवढी तांब्याची नळी भिंतीत शिरायची आणि पुढे वॉर्डावॉर्डांत जायची.

पुढे म्हणजे कुठे, हे त्यांना वळणावळणासकट पाठ होतं. पण नळीच्या त्या टोकाला कोण असतं, हे मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. वॉर्डात पाऊल टाकायची वेळ यायची ती वॉर्ड रिकामा करून रंगकाम चाललेलं असताना. एकतीस वर्षांत एकही माणूस त्यांची हवा घेताना त्यांनी पाहिला नव्हता, आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलंही नव्हतं.

त्या वर्षी थंडी सरता सरता दूरच्या देशातल्या साथीच्या बातम्या येऊ लागल्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या जिवलग मित्राचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक आरसा, आणि दिवसभर चालणारं तोंड. "ते तिकडे लांब," न्हावीदादा कात्री चालवत म्हणाला. "आणि आलंच इथे, तर आपला हवालदार आहे की! नळी सोडेल गल्लीत." दुकानातले सगळे हसले. हवालदारही हसले.

दहाएक दिवसांनी त्यांचा काटा वेडावाकडा वागू लागला. एक रांग एरवी दीड दिवस पुरायची. ती एका दिवसात संपली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच संपली. हवालदारांना वाटलं, नळी कुठेतरी गळतेय. त्यांनी बादलीत साबणाचा फेस केला, ब्रश घेतला आणि खोलीतला एकेक जोड फेसानं माखून बघितला. गळती असली तर तिथे बुडबुडा धरतो. सकाळभर गुडघे टेकून फिरले, बुडबुडा काही दिसला नाही. शेवटी त्यांनी वॉर्डांवर देखरेख करणाऱ्या मोठ्या सिस्टरांना फोन लावला.

"सिस्टर, गळती सापडत नाही हो. तुमच्याकडे कुणी तोटी उघडी टाकलीय का?"

"गळती नाहीये हवालदार," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमी खणखणीत असायचा. आज बसला होता. "माणसं वाढलीत. परवा चार होती. आज एकोणीस आहेत."

हवालदार स्टुलावर बसले. समोर काटा सरकत होता. इतकी वर्षं ते त्याच्याकडे घड्याळाकडे बघावं तसे बघत आले होते. आज पहिल्यांदा त्यांच्या ध्यानात आलं की तो काटा कुणीतरी ओढतंय. एकोणीस माणसं पलीकडे श्वास ओढतायत आणि तो ओढलेला श्वास भिंतीतून, नळीतून त्यांच्या डोळ्यांपुढे दिसतोय.  शहरात अजून दुकानं उघडी होती, बसगाड्या भरभरून जात होत्या, शाळेची घंटा वाजत होती. पण भिंतीवरच्या त्या बशीएवढ्या मीटरला सगळं कळून चुकलं होतं.

पुढच्या आठवड्यात बाकीच्यांनाही कळलं. शाळा बंद झाल्या. दुकानांची शटर खाली आली. गल्लीत एवढी शांतता पडली की कोण कुठल्या घरात शिंकलं ते चार घरं पलीकडे ऐकू जायचं, आणि चार घरांचे श्वास अडकायचे. सुरुवातीला लोक हवालदारांना गाठून विचारत, "खरंच एवढं आहे का हो?" मग त्यांनी विचारणं सोडलं, आणि ते दिसले की रस्ता ओलांडू लागले. इस्पितळातून येणारा माणूस! हवालदारांनी राग मानला नाही. "मीसुद्धा तेच केलं असतं," ते बायकोला म्हणाले, आणि कपड्यांचे दोन जोड पिशवीत कोंबून इस्पितळाच्या आवारातल्या एका रिकाम्या खोलीत राहायला गेले.

त्यांची बायको बालवाडीत शिकवायची. चाळीस पोरांना एका नजरेत गप्प बसवणारी बाई. ती घरात एकटी राहिली आणि रोज सकाळ-संध्याकाळ फोन करून त्यांचा समाचार घेऊ लागली. तिच्याकडूनच त्यांना कळलं की न्हावीदादाला घेऊन गेले.

"कुठे?"

"तुमच्याकडेच की. चालत गेला हो गाडीपर्यंत. मला खिडकीत बघून हात केला. म्हणाला, 'वहिनी, त्याला सांगा, आज मी गिऱ्हाईक आहे.'"

गल्लीतला तो पहिला. साहजिकच होतं. दिवसातून तीस माणसांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोलणारा माणूस. हवालदारांनी मोठ्या सिस्टरांना विचारलं. पाच नंबरच्या वॉर्डात होता.

आता एक रांग दोन तासही पुरत नव्हती. सिलेंडरच्या खोलीत त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या दोघा जोडीदारांपैकी एक स्वतःच तापानं पडला होता. ट्रक येत होते, सिलेंडर उतरत होते, हवालदारांच्या दंडात गोळे येत होते. आणि त्यांनी जन्मात पाहिली नव्हती अशी गोष्ट त्या उन्हाळ्यात त्यांनी पाहिली. हवा इतक्या जोरानं नळीत धावत होती की मीटरखालच्या पितळी तोटीवर बर्फ धरू लागला. बाहेर डांबर मऊ पडेल असं ऊन, खोलीत घामाच्या धारा, आणि तोटीवर बोटभर जाडीचा पांढराशुभ्र बर्फ! तो साचू दिला तर तोटी अडायची, म्हणून ते कोमट पाण्यात भिजवलेले टॉवेल तिच्यावर गुंडाळत. एकदा त्यांनी नुसताच तळवा टेकवला. तोटी थरथरत होती. वासराच्या पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं त्यांना. शंभरावर माणसांचा श्वास त्या एका तोटीतून चालला होता, आणि तो त्यांच्या तळव्याखाली होता. हात काढवेना.

एका दुपारी चारच्या सुमाराला फोन वाजला.

"हवालदार, पाच नंबरात गोळ्या खाली येतायत." मोठ्या सिस्टर भरभर बोलत होत्या. प्रत्येक खाटेशी भिंतीवर काचेची एक उभी नळी असते; तिच्यातली बारकी गोळी जितकी वर तरंगेल तितकी हवा रोग्याला मिळतेय असं समजायचं. "सगळ्याच खाली येतायत. तुमच्याकडे संपला का?"

हवालदारांनी मीटर बघितलं. काटा जिथे हवा तिथेच होता. रांग तासाभरापूर्वी बदललेली. "माझ्याकडे भरपूर आहे, सिस्टर."

"मग इथे का येत नाहीये?"

हवालदारांनी पुन्हा मीटरकडे बघितलंच नाही. कारण उत्तर त्यांना ठाऊक होतं. हवा होती, नळी पुरत नव्हती. बोटाएवढी नळी एक, दोन, तीन, चार नंबरचे वॉर्ड फिरून शेवटी पाचात जात होती. आधीच्या चार वॉर्डांनी पोटभर ओढलं की शेपटाला काय उरणार?

मोठ्या सिस्टरांनी सगळ्यांत बेजार रोग्यांच्या खाटांशी छोटे सिलेंडर लावून घेतले. ते तीन तास निघतील, म्हणाल्या. फार तर साडेतीन.

इस्पितळाचे इंजिनिअर साहेब नकाशाची गुंडाळी घेऊन धावत आले. पोरसवदा माणूस, नोकरीला दोन वर्षं झालेली, डोळे झोपेवाचून लाल. त्यांनी नकाशा सिलेंडरवरच पसरला. "काका, नवीन नळी टाकायची म्हणजे तीन दिवस. सामान कुठून आणू? सगळं बंद आहे."

हवालदार नकाशाकडे बघतच नव्हते. ते भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात बघत होते. तिथे रंगाच्या सात थरांखाली गाडलेली एक झडप होती.

"साहेब," ते म्हणाले, "एक नळी आहे. नकाशात नाही."

पाच नंबरची इमारत म्हणजे एकेकाळचं शस्त्रक्रियेचं दालन. हवालदार नोकरीला लागले त्या वर्षी त्यांचे मिस्त्री त्याच्यासाठी वेगळी, सरळ नळी टाकत होते. हवालदारांनी तेव्हा शिडी धरली होती, तांबं पुसलं होतं. मिस्त्री मोठे तिरसट. तेलकट हातानं नळीला शिवलं तर सगळं काम उतरवून पुन्हा करायला लावायचे. ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं तर आग लागते, हे त्यांनी हवालदारांच्या डोक्यात इतकं ठोकून बसवलं होतं की आजही ते डबा खाऊन तीनदा हात धुवायचे. पुढे शस्त्रक्रियेचं दालन नव्या इमारतीत गेलं, मिस्त्रींनी नळीच्या तोंडावर टोपण बसवलं, छताखाली पत्र्याचं दुसरं छत आलं आणि नळी विसरली गेली. मिस्त्रींना जाऊनसुद्धा अठरा वर्षं झाली होती.

"तीस वर्षांची नळी, काका," साहेब म्हणाले. "आत काय झालं असेल कोण जाणे. दाब धरेल?"

"बघूया धरते का."

त्यांनी छिन्नीनं रंगाचे थर फोडले. झडप हलेना. पाना लावून सगळं अंग टाकलं, तेव्हा ती कुरकुरली आणि फिरली. व्हरांड्यातलं पत्र्याचं छत चार ठिकाणी उचकटलं. आत धूळ, उंदरांनी ओढून नेलेल्या चिंध्या, आणि त्यातून सरळ रेघ मारल्यासारखी गेलेली ती तांब्याची नळी. आधी तिच्यातून मोकळी हवा सोडून तिचा घसा साफ केला. मग टोपण घट्ट करून दाब भरला, झडप बंद केली आणि हवालदार साबणाच्या फेसाची बादली घेऊन शिडीवर चढले. एकेक जोड फेसानं माखायचा, थांबायचं, बघायचं. साहेब खाली मीटर धरून उभे.

पहिला जोड. दुसरा. नववा. सतरावा.

एकाही जोडाला बुडबुडा धरला नाही.

साहेबांनी मीटरवरून नजर वर केली. वीस मिनिटं झाली होती, काटा केसभरसुद्धा हलला नव्हता. "हे कुणी केलंय?" त्यांनी विचारलं. एखाद्या देवळात बोलावं तसे हळू बोलत होते.

"माझ्या मिस्त्रींनी," हवालदार म्हणाले. तेव्हा शिडी धरून उभे असताना त्यांनी त्या माणसाला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या! एकच जोड चार-चारदा पुसायला लावतो म्हणून. आणि तो माणूस, ज्यांची नावं त्याला कधी कळणार नव्हती अशा पाच नंबरातल्या साठ माणसांसाठी तीस वर्षांपूर्वी तांबं पुसत बसला होता.

आता एकच काम उरलं होतं. जुन्या नळीचं टोक वॉर्डाशेजारच्या कोठीत होतं. तिथून वॉर्डात नळीचा तुकडा न्यायचा आणि वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीत बाहेरून ऑक्सिजन जोडायला ठेवलेल्या आणीबाणीच्या तोंडाला जोडायचा. म्हणजे आत जायला हवं. चालू वॉर्डात.

"मी जातो," साहेब म्हणाले.

"तुम्ही जोड कधी आवळलाय का, साहेब?"

साहेबांनी पाना त्यांच्या हातात दिला.

हवालदारांनी बायकोला फोन लावला. "मी आत चाललोय."

"आत म्हणजे?"

"पाच नंबरात. काम आहे पंधरा मिनिटांचं."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "जेवलात का?"

"हो."

"खोटं बोलताय."

"हो."

"बरं. जाऊन या." तिचा आवाज बालवाडीतला होता, कडक. "आणि बाहेर आल्यावर हात नीट धुवा. नाहीतर घरी असता तेव्हा साबण नुसता ओला करता नि ठेवून देता."

मोठ्या सिस्टरांनी स्वतः त्यांना तो पांढरा झगा चढवला, मनगटांना चिकटपट्टी लावली, चष्मा बसवला, आणि पाठीवर थोपटलं. दार उघडलं.

पहिल्यांदा त्यांना ऐकू आला तो आवाज. पावसाळ्यात ओढ्याकाठी उभं राहिल्यावर येतो तसा, खळखळ, खळखळ. कळेना कसला. मग दिसलं. प्रत्येक खाटेशी पाण्याची एक बाटली टांगलेली होती. हवा त्या पाण्यातून ओलसर होऊन रोग्याकडे जात होती. साठ बाटल्यांत बुडबुडे उठत होते. आपल्या खोलीत ज्या बुडबुड्याला ते जन्मभर भीत आले होते, तेच इथे साठ ठिकाणी नाचत होते, आणि नाचत होते म्हणून माणसं होती.

माणसं पालथी निजली होती, कुशीवर होती, बसून खाटेच्या कडा धरून होती. कुणी बोलत नव्हतं. बोलायला लागणारी हवासुद्धा ती राखून ठेवत होती. एक धिप्पाड गडी, दोन पोती सहज उचलेल असा, डोळे मिटून फक्त श्वास घेत होता. दुसरं काहीही करत नव्हता, जणू जगात तेवढं एकच काम होतं आणि ते त्याला मन लावून करायचं होतं. हवालदार जागीच थबकले. श्वास घेणं म्हणजे एवढं मोठं काम असतं, हे त्यांना कधी ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटलं, आपण चपला घालून कुठेतरी आत आलोय जिथे त्या घालायच्या नसतात.

"हवालदार," मोठ्या सिस्टर मागून म्हणाल्या. "वेळ नाही."

ते खाटांमधून गेले. नळी जोडायचं ते तोंड शेवटच्या दोन खाटांच्या मध्ये, गुडघाभर उंचीवर होतं. एका खाटेवर एक म्हाताऱ्या बाई होत्या, पांढऱ्या केसांची बारीक वेणी उशीवर पडलेली. दुसऱ्या खाटेवर पाठमोरा कोणीतरी. चष्म्यावर वाफ धरली होती. दोन-दोन हातमोज्यांत बोटं परक्याची वाटत होती. हवालदारांनी डोळे मिटून घेतले आणि हातांना काम करू दिलं. आटा धरला. सुटला. पुन्हा धरला. पान्याचे तीन फेरे. फेस लावला, थांबले. बुडबुडा नाही. त्यांनी हात वर केला. दारातल्या नर्सनं कोठीच्या बाजूला उभ्या साहेबांना खूण केली, आणि साहेबांनी फोन करून सिलेंडरच्या खोलीतल्या दुसऱ्या जोडीदाराला झडप उघडायला लावली.

आधी काहीच झालं नाही. मग तांब्याच्या तुकड्यात सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला. हवालदारांनी मान वर केली. म्हाताऱ्या बाईंच्या भिंतीवरच्या काचेत तळाला टेकलेली गोळी हलली. डळमळली. आणि वर चढू लागली. शेजारची चढली. समोरची चढली. वॉर्डाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत साठ गोळ्या एकामागून एक वर उचलल्या गेल्या आणि तरंगत राहिल्या. खळखळ वाढली. कोणीतरी खोकलं. कोणीतरी 'आई गं' म्हणालं.

मोठ्या सिस्टर चार खाटांपलीकडे उभ्या होत्या. तीस वर्षांत कुणी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि आताही दिसलं नाही, कारण त्यांच्या चष्म्यावर आतून पाणीच पाणी होतं.

हवालदार उठले तेव्हा पाठमोरा माणूस कूस बदलून त्यांच्याकडे बघत होता. गालफडं बसलेली, आठवड्याची दाढी. दुसऱ्यांच्या दाढ्या करून करून आयुष्य गेलेल्या माणसाची दाढी वाढलेली हवालदारांनी कधी पाहिली नव्हती, म्हणून ओळखायला क्षणभर वेळ लागला. त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला.  झग्याच्या आत नुसतेच श्वास घेत उभे राहिले.

न्हावीदादा बावीस दिवसांनी घरी गेला. खूप बारीक झाला होता, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर टेकत होता, पण तोंड शाबूत होतं. "तूच होतास का तो?" हवालदारांनी सगळं सांगितल्यावर तो म्हणाला. "मला वाटलं, नळ दुरुस्त करायला कोणी आलाय. म्हटलं, लोक मरतायत आणि ह्यांना नळाचं सुचतंय!"

म्हाताऱ्या बाई मात्र नळी जोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच वारल्या. हवालदारांनी फोन करून मुद्दाम विचारलं होतं. त्यांची गोळी शेवटपर्यंत वर होती, मोठ्या सिस्टर म्हणाल्या. तेवढ्यानं भागलं नाही. हवालदारांना त्यांचं नाव माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. वेणी मात्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलली नाही. त्या दोन महिन्यांत गल्लीतले सात जण गेले. सातही जण गल्लीच्या ओळखीचे, रोज समोरून जाणारे. जोडीदार मात्र तापातून उठला आणि तोटीवरचा बर्फ बघून त्यानं तोंडात बोटं घातली.

जुनी नळी पुढेही चालूच राहिली. साहेबांनी ती नकाशात काढून घेतली, आणि तिच्या शेजारी मिस्त्रींचं नाव लिहिलं. नकाशात नाव लिहायची पद्धत नसते, पण लिहिलं.

साथ ओसरल्यावर बऱ्याच महिन्यांनी हवालदार आणि त्यांची बायको कुणाच्या तरी घरी जायला बसमध्ये बसले होते. दुपारची वेळ. गाडी निम्मी भरलेली. समोरच्या बाकावर एक बाई पेंगत होती, तिच्या मांडीवर पोर झोपलेलं, पलीकडे एक म्हातारा खिडकीला डोकं टेकून घोरत होता. हवालदार टक लावून बघत होते. बायकोनं कोपर मारलं.

"अहो, असं काय बघताय लोकांकडे? बरं दिसत नाही."

"काही नाही गं. चाललंय बघ कसं."

"काय चाललंय?"

त्यांनी हनुवटीनं दाखवलं. पोराचं पोट वर जात होतं, खाली येत होतं. बाईचा खांदा वर जात होता, खाली येत होता. म्हाताऱ्याच्या सदऱ्याचं बटण वर, खाली. कुणी काही करत नव्हतं. कुणाला माहीतही नव्हतं.

बायकोनं बघितलं. आणि मग तीही बघत राहिली. त्यांचा स्टॉप आला आणि गेला, दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.